पावसात पेटणारा एबीएसचा दिवा : जुन्या ट्रकसाठी सेन्सर, बुश आणि मीटरचा परखड आढावा

जून लागला की जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा पेटतो आणि गॅरेजमधून पहिला सल्ला येतो, ‘सेन्सर टाका’. हा आढावा चाकाचा वेग मोजणाऱ्या त्याच सेन्सरचा आणि त्याच्याबरोबर ज्या वस्तू विकत घ्यायला हव्यात पण कुणी घेत नाही, त्यांचा. निकाल आधीच सांगतो. सेन्सर मूळ कंपनीचाच घ्यावा. मात्र पावसाळ्यात पेटलेले बरेचसे दिवे सेन्सर न बदलताच विझतात. त्यासाठी लागते ती सेन्सरला धरणारी स्प्रिंगच्या पत्र्याची एक बुश, थोडे सिलिकॉन ग्रीस आणि कोरडा कपलर, म्हणजे वायरींचा जोड-प्लग.

कोणत्या गाड्या, ते स्पष्ट असलेले बरे. आपल्याकडे जड ट्रकना एबीएस सरसकट सक्तीचे झाले ते २०१५ मध्ये. त्या वेळच्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. २४ व्होल्ट, एअर ब्रेक, चार सेन्सर आणि चार मॉड्युलेटर (चाकाच्या ब्रेकची हवा सोडणारे व्हॉल्व्ह) असलेली साधी यंत्रणा इथे गृहीत धरली आहे. टाटा आणि अशोक लेलँडच्या गाड्यांवर वॅबकोचा माल सर्रास दिसतो. वॅबको २०२० मध्ये झेडएफकडे गेली आणि चेन्नईच्या भारतीय कंपनीचे नाव २०२२ मध्ये बदलले. त्यामुळे खोक्यावर झेडएफ दिसले म्हणून माल डुप्लिकेट समजू नका. जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर जुळवा, केबलची लांबी जुळवा, डोके सरळ आहे की काटकोनी ते पाहा. बाकी गाडीचे मॉडेल सांगून दुकानदार काय काढून देईल, त्याचा भरवसा धरू नये.

सेन्सर म्हणजे एक लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, इतकेच. त्याला बाहेरून वीज लागत नाही. हबवर बसवलेल्या कड्याला साधारण १०० दाते असतात. ते समोरून फिरले की तारेत एसी व्होल्टेज तयार होते. चाक जोरात फिरले तर व्होल्टेज जास्त, हळू फिरले तर कमी. दाते आणि सेन्सरचे टोक यांच्यातली फट वाढली की तेही झपाट्याने खाली येते. पावसाळ्यातला निम्मा गोंधळ या फटीत आहे. महामार्गावर ६० च्या वेगात सिग्नल भरपूर असतो, म्हणून फट वाढली तरी निभावून जाते. वेग १०-१५ वर आला की तो सिग्नल अचानक नाहीसा होतो आणि ईसीयूला, म्हणजे एबीएसच्या कंप्युटरला, वाटते चाक लॉक झाले. मग तो त्या चाकाची हवा सोडतो. ड्रायव्हरला जाणवते ते असे : टोलनाक्यावर किंवा सिग्नलला गाडी जवळजवळ थांबलेली, पेडल दाबलेले, खालून फुस्-फुस् आवाज येतो आणि गाडी चार-पाच फूट पुढे सरकते.

दिवा पेटलेल्या गाडीपेक्षा ही गाडी जास्त घातक. दिवा पेटला म्हणजे ईसीयूने बिघाड ओळखला, त्या चाकाचे एबीएस बंद केले आणि साधा ब्रेक तसाच ठेवला. गाडी थांबते. फक्त रिकामी असताना ओल्या रस्त्यावर जोरात दाबले तर मागची चाके घसरणार, हे ध्यानात ठेवून चालवावी. दिवा न पेटता हळू वेगात फुसफुसणारी गाडी मात्र तपासल्याशिवाय घाटात उतरवू नये.

आता पावसाचाच संबंध का? कोकणातून वर चढणाऱ्या गाडीच्या हबमध्ये जांभ्याची लाल माती आणि ब्रेक लायनरची लोखंडी भुकटी यांचा लगदा होतो. सेन्सरचे टोक चुंबक असल्याने ही भुकटी त्याला चिकटून राहते. दुसरी गोष्ट गंजाची. सेन्सर ज्या भोकात बसतो त्या भोकाच्या आत गंज फुगतो, बुशला आवळतो आणि सेन्सर जागच्या जागी जखडतो. बेअरिंगला थोडा खेळ असेल तर कड्याने सेन्सरला मागे ढकललेले असते. जखडलेला सेन्सर हाताने पुढे येत नाही आणि फट तशीच राहते. तिसरी वाट कपलरमधून. सील कडक झालेल्या कपलरमध्ये पाणी शिरते, पिनांवर हिरवट थर धरतो. गाडी ऊन्हात दोन तास उभी राहिली की दिवा विझतो, पुन्हा सर आली की पेटतो. ‘गाडी गॅरेजला नेली की नीट चालते’ ही तक्रार जवळपास नेहमी कपलरची किंवा सोललेल्या केबलची असते.

तपासणीची सुरुवात फुकटात होते आणि या आढाव्यात सर्वांत वरचा नंबर त्याच साधनाला : ब्लिंक कोडचा स्विच. चावी फिरवल्यावर दिवा दोन-तीन सेकंद पेटून विझायला हवा. विझला नाही तर स्विच एक सेकंद दाबून सोडा आणि दिव्याच्या लुकलुका मोजा. आधी एक आकडा, थोडी उसंत, मग दुसरा आकडा. वॅबकोच्या डी आणि ई आवृत्तीच्या ईसीयूत पहिला आकडा बिघाडाचा प्रकार सांगतो. १-१ म्हणजे सध्या बिघाड नाही. २ मॉड्युलेटर, ३ सेन्सरची फट जास्त, ४ सेन्सरची वायर तुटलेली किंवा शॉर्ट, ५ सिग्नल वेडावाकडा किंवा टायरच्या मापात फरक, ६ दात्यांचे कडे, ७ यंत्रणेतला इतर दोष, ८ खुद्द ईसीयू. दुसरा आकडा चाकाची जागा सांगतो. तो गाडीच्या मॅन्युअलमधूनच पाहा, कारण परदेशी तक्ते डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचे असतात आणि ‘ड्रायव्हरची बाजू’ म्हटले की आपल्याकडे नेमके उलटे चाक उघडले जाते. काम झाल्यावर स्विच तीन सेकंदांहून जास्त दाबून धरला की जुने कोड पुसले जातात.

हा पहिला आकडा खरेदीची यादीच आहे. ३ आला तर बुश आणि ग्रीस. ४ आला तर आधी कपलर, मग केबल, मग सेन्सर. ५ आला तर टोक साफ करा, बेअरिंग पाहा आणि एका ॲक्सलवर दोन वेगळ्या मापांचे टायर टाकलेत का तेही पाहा. ६ आला तर सेन्सरवर पैसे घालवू नका, हब उतरवावाच लागेल.

इथे एक गफलत इतकी सर्रास होते की तिच्यापायी चांगले सेन्सर दुकानात परत जातात. नवा सेन्सर बसवला, चावी फिरवली, दिवा पेटलेलाच. मेकॅनिक म्हणतो पार्ट खराब. खरे तर सेन्सरचा बिघाड एकदा नोंदला गेला की ईसीयू चाक प्रत्यक्ष फिरताना पाहिल्याशिवाय दिवा विझवत नाही. गाडी ताशी ७ किलोमीटरच्या आसपास गेली की तो आपोआप विझतो. तेव्हा गाडी आवारात एक चक्कर मारून आणा आणि मग पार्टला नावे ठेवा.

हँडहेल्ड स्कॅनर उपयोगी आहे, पण चार-पाच गाड्यांच्या मालकाला घ्यावासा वाटेल इतका नाही. तो चारही चाकांचा वेग एकाच वेळी दाखवतो. हळू वेगात नेमके कोणते चाक शून्यावर पडते ते कळायला याहून सोपा मार्ग नाही. फुसफुसणाऱ्या गाडीचा कोड अनेकदा नोंदलेलाच नसतो, तेव्हा हे काम स्कॅनरवाल्या गॅरेजकडून करून घ्यावे. कारसाठी मिळणारे ब्लूटूथ डोंगल मात्र ट्रकच्या एबीएसवर म्हणजे पैसे पाण्यात. त्याला ही भाषा येत नाही आणि १२ व्होल्टसाठी बनवलेला डोंगल २४ व्होल्टवर जळूही शकतो.

मीटरबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण घोटाळा इथूनच सुरू होतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते. आपल्याला मोजायचे असते ०.२ व्होल्ट. त्या रेंजवर ते शेवटच्या आकड्यात कसेबसे दिसते आणि चांगला सेन्सरही मेलेला वाटतो. २ व्होल्ट किंवा त्याहून लहान एसी रेंज असलेला, नाहीतर ऑटो-रेंज मीटर घ्या. त्यात मिलिव्होल्ट एसी असेल तर उत्तम. टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरला कधीही लावायचा नाही.

मोजणी अशी. चाकांना लाकडी ठोकळे लावा, जॅक लावा, वजन स्टँडवर घ्या. मागचे चाक फिरवायचे असेल तर टाकीत हवा भरून हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून ठोकळे आधी आणि पक्के. सेन्सरचा कपलर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या दोन पिनांत ओहम मोजा. नवा वॅबको सेन्सर ११०० ते १२५० दाखवतो. ९०० ते २००० मध्ये असेल तर तारेला दोष देऊ नका. घाट उतरून नुकत्याच आलेल्या गाडीत हब तापलेला असतो आणि तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. २० अंशांना ११५० दाखवणारा सेन्सर ८० अंशांना १४०० च्या वर जातो, त्यात बिघाड काही नाही. मग एकेक पिन आणि चेसिस यांच्यात मोजा. मीटरने ओपन दाखवले पाहिजे. काहीही आकडा आला की कुठेतरी गळती आहे.

कोरड्या शेडमध्ये ही गळती सापडत नाही. म्हणून मीटर सर्वांत मोठ्या ओहम रेंजवर तसाच जोडून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला केबलवर, डोक्यापाशी आणि क्लिपांच्या खाली हळूहळू तांब्याभर पाणी ओतायला सांगा. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, केबल वाकवत राहा. आकडा ज्या क्षणी हलला ती जागा दोषी. पावसाळी एबीएससाठी यापेक्षा चांगली चाचणी नाही आणि तिला खर्चही नाही.

आता चाक अर्ध्या सेकंदात पाव फेरी, म्हणजे दोन सेकंदांत एक फेरी, या गतीने हाताने फिरवा आणि एसी व्होल्ट पाहा. किमान ०.२ यायला हवे. एकाच फेरीत आकडा खूप वरखाली होत असेल तर कडे वाकडे बसले आहे किंवा बेअरिंग सैल आहे. कड्याचा डगमग ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, डायल गेज लावून पाहता येतो. बेअरिंगचा खेळ तसाच ठेवून नवा सेन्सर बसवणे म्हणजे महिनाभराची सोय. पहिल्याच खड्ड्यांच्या रस्त्यावर कडे त्याला पुन्हा मागे ढकलेल.

बुश. या आढाव्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची वस्तू. स्प्रिंगच्या पत्र्याची ही फाकळ्यांची नळी सेन्सरला चारी बाजूंनी घट्ट धरते, पण इतकी घट्ट नाही की तो सरकूच नये. म्हणूनच सेन्सरची फट आपोआप जुळते. सेन्सर दात्यांना टेकेपर्यंत आत ढकलायचा आणि चाक फिरवायचे. दाते त्याला हवे तेवढे मागे सारतात. फीलर गेज लागत नाही. फाकळ्या झिजल्या किंवा गंजल्या की ही सगळी युक्ती संपते : सेन्सर एकतर सैल होऊन मागे सरतो, नाहीतर जखडतो. तरीही सेन्सर बदलताना जुनीच बुश ठेवण्याची चाल आहे, का ते समजत नाही. सेन्सर घेताना बुश सोबत आहे का ते विचारा. नसेल तर वेगळी मागा. पुढच्या पावसाळ्यासाठी चार बुशी दप्तरात असाव्यात.

बदलताना सेन्सर केबलला धरून ओढू नये, डोके तिथेच सुटते. गंज सोडवणारे तेल मारून अर्धा तास थांबा, डोक्याला पकड देऊन डावी-उजवीकडे फिरवत बाहेर काढा. हातोडीने मागून ठोकाल तर टोकाचा पत्रा चेपेल. भोक गोल वायर ब्रशने लख्ख करा, आतली भुकटी कापडाने पुसा. हवेने उडवू नका, ती लायनरची धूळ आहे आणि नाकातोंडात जाते. नव्या बुशला आत-बाहेर सिलिकॉन ग्रीस लावून कॉलर टेकेपर्यंत बसवा. सेन्सरच्या अंगालाही ग्रीस लावा आणि अंगठ्याच्या जोराने आत घाला. हबचे काळे ग्रेफाइट ग्रीस इथे नको. शेवटी पुन्हा ०.२ व्होल्टची चाचणी. तेवढी झाल्याशिवाय जॅक काढू नका.

सेन्सरच्या तीन जाती बाजारात मिळतात. मूळ कंपनीचा माल महाग असतो, पण डोके आणि केबल यांचा जोड एकसंध साच्यातला असतो आणि केबलचे आवरण थंडी-उन्हात लवचीक राहते. पाणी शिरण्याची जागा तोच जोड, म्हणून पैसे तिथे वसूल होतात. बिनानावाचा सेन्सर पहिल्या दिवशी मीटरवर अगदी बरोबर आकडा दाखवतो, आणि फसगत होते ती तिथेच. त्याचे अंग व्हर्नियरने मोजा, १६ मिलिमीटर हवे. थोडे बारीक असेल तर बुश त्याला धरणार नाही. केबल डोक्यापाशी दुमडून पाहा. जोडाशी चीर दिसली तर तो पहिल्या पावसापुरता. दिल्लीहून येणाऱ्या काही मालात केबल इतकी कडक असते की पुढच्या चाकाच्या वळणाला आतली तार तुटते, वरून मात्र काही दिसत नाही. मागच्या ॲक्सलवर, जिथे केबल वळत नाही, तिथे अडीअडचणीला असा सेन्सर चालून जातो. पुढे नको. तिसरी जात कुर्ल्यासारख्या भंगार बाजारातून काढलेल्या जुन्या मूळ सेन्सरची. टोक घासलेले नसेल, ओहम बरोबर असेल आणि पाण्याच्या चाचणीत टिकला, तर बिनानावाच्या नव्यापेक्षा हा केव्हाही बरा.

कपलरच्या कामात दोन गोष्टी वर्ज्य : काळी टेप आणि टाचणी. टेप पाणी अडवत नाही, आत आलेले पाणी धरून ठेवते. सिग्नल मोजायला वायरमध्ये टाचणी किंवा टोकदार प्रोब टोचला की त्या भोकातून पाणी तांब्याच्या तारांमधून चढत थेट ईसीयूच्या प्लगपर्यंत पोहोचू शकते. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. डिझेल किंवा पेट्रोलने नाही, सील फुगते. वाळल्यावर डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीस भरा. केबल जोडावीच लागली तर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी वापरा आणि दोन वायरींचा पीळ जोडापर्यंत कायम ठेवा. तो पीळ शोभेचा नाही, त्यामुळे शेजारच्या वायरींचा गोंगाट सिग्नलमध्ये मिसळत नाही. सर्व्हिसिंगला प्रेशर वॉशर मारणाऱ्या पोराला कपलरपासून लांब राहायला सांगणे हाही देखभालीचाच भाग.

मॉड्युलेटर घाईने बदलू नका, तो सर्वांत महाग पार्ट. चावी फिरवल्यावर चारही मॉड्युलेटर एकामागून एक खट्-खट् वाजतात. पेडल दाबून ठेवले तर हवेचा लहान झटकाही ऐकू येतो. एक गप्प असेल तर त्याच्या कॉइल मोजा : २४ व्होल्टच्या कॉइलला ११ ते २१ ओहम. कॉइल ठीक असून हवा अडखळत असेल तर आत पाणी-तेलाचा दुधट गाळ गेला आहे. टाकीचा ड्रेन उघडून तसेच पाणी आले तर पैसे एअर ड्रायरच्या काडतुसावर खर्च करा. नवा मॉड्युलेटर त्याच ओल्या हवेत पुन्हा बिघडणार. मॉड्युलेटरचे खाली तोंड असलेले, हवा सुटण्याचे एक्झॉस्ट चिखलाने बुजलेले नाही ना, तेही बोटाने पाहा.

कॅबिनमध्ये ईसीयू असेल तर विंडस्क्रीनचे जुने रबर तपासा. पाणी डॅशबोर्डच्या आतून फ्यूज बॉक्सवर उतरते आणि ८ चा कोड देते. ईसीयू मागवण्याआधी प्लग काढून वाळवा, अर्थिंगचा बोल्ट घासून घ्या आणि पुरवठा मोजा.

काही गाड्या एबीएसमध्ये काहीच बिघाड नसताना ओल्या रस्त्यावर एका बाजूला खेचतात. तिथे स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे ब्रेकची ढिलाई जुळवणारा दांडा, पाहा. ३० नंबरच्या साध्या ब्रेक चेंबरचा पुशरॉड ५१ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर येत असेल तर तो ब्रेक पुरेसा लागत नाही आणि बाकीची चाके त्याचा भार उचलतात. पाण्यातून गेलेल्या ड्रमवर पेडल हलके दाबून दोनशे-तीनशे मीटर चालवले की लायनर वाळते.

ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी एक जास्तीची वस्तू : कॅबिनमागचे पाच किंवा सात पिनांचे एबीएस सॉकेट. झाकणाची स्प्रिंग तुटली की त्यात पाणी भरते आणि पुढच्या गाडीत काही बिघाड नसताना ट्रेलरचा दिवा पेटतो. नवे झाकण घ्या. ट्रेलर सोडलेला असताना कॉइल केबलचे टोक चेसिसवर लोंबत ठेवू नका, तेही खाली तोंड करून हूकला अडकवा.